पहिला सिगार: कुठला घ्यायचा, कसा ओढायचा आणि मी कुठे आपटलो

अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टॅम्पाला येऊन मला दोनच महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. ऑफिसातल्या एकाचं प्रमोशन झालं म्हणून सगळे मिळून ईबोर सिटी या टॅम्पातल्याच भागात गेलो, जेवायच्या आधी सिगारच्या दुकानात शिरलो, भिंतभर सिगार मांडलेले, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं पण मी निपाणीकडचा ना, आजोबांची तंबाखूची शेती, तंबाखू म्हणजे आपल्याला काय नवीन, या माजात मी सगळ्यात जाड आणि सगळ्यात काळा उचलला. काउंटरवरच्या माणसाने पहिलाच आहे का वगैरे काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सकाळपासून पोटात एक केळं. आणि पेटवल्यावर सिगरेटसारखा सरळ छातीत ओढला, चार-पाच झुरके.

दहाव्या मिनिटाला कानशिलं गार पडली. मग घाम. मग समोरचा माणूस बोलतोय ते विहिरीच्या तळातून ऐकू आल्यासारखं, आणि मग फुटपाथच्या कडेला जाऊन जे व्हायचं ते झालं. ईबोरमध्ये कोंबड्या रस्त्यावर मोकाट फिरतात, त्यांना हात लावायचा नाही असा तिथला नियम आहे, त्यातला एक कोंबडा हे सगळं मान वाकडी करून बघत होता. एका सहकाऱ्याने भरपूर साखर घातलेली दुधाची कॉफी आणून दिली, ती पिऊन अर्ध्या तासाने माणसात आलो.

त्यानंतर वर्षभर मी सिगारला हात लावला नाही. पुढे नीट शिकलो, आणि आता भारतातून कुणी मित्र आला की हमखास विचारतो, यार एकदा सिगार ट्राय करायचाय, काय घेऊ? प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

आधी एक सांगून टाकतो, कारण लपवण्यासारखं ते नाही. धूर छातीत घेत नाही म्हणून सिगार निरुपद्रवी आहे असं कोणी म्हणत असेल तर तो थापा मारतोय. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, फुप्फुस, या सगळ्यांच्या कॅन्सरशी सिगारचा संबंध आहे, एका मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते, आणि शेजारी बसलेल्याच्या नाकातही तोच धूर जातो. जो काहीच ओढत नाही त्याने सुरू करायचं काहीएक कारण नाही. सिगरेट सोडायला म्हणून सिगार धरायचा विचार असेल तर तो तर मुळीच करू नका, सिगरेटवाला माणूस सवयीने आत ओढतो आणि आगीतून फुफाट्यात जातो. अमेरिकेत वय २१ लागतं, भारतात कायद्याने १८ आणि काही राज्यांत २१. हे सगळं माहीत असूनही आयुष्यात एकदा किंवा वर्षातून दोनदा ओढायचाच असेल, तर निदान माझ्यासारखा फुटपाथवर ओढू नका, एवढ्यापुरता हा लेख.

तर मला नेमकं झालं काय होतं? निकोटीन चढलं. आणि ते इतकं का चढलं हे समजलं की अर्धा सिगार समजला म्हणायचं. सिगरेटची तंबाखू भट्टीच्या गरम हवेत झटपट वाळवतात, त्यामुळे पानातली साखर तशीच राहते आणि धूर थोडा आंबट गुणाचा होतो, अशा धुरातलं निकोटीन तोंडात फारसं शोषलं जात नाही, म्हणून सिगरेटवाला छातीत ओढतो. सिगारच्या पानाचं उलट. ते मोठ्या लाकडी कोठारात सावलीत टांगून दीड-दोन महिने हवेवर वाळवतात, साखर जवळजवळ संपून जाते, आणि धूर अल्कलीच्या बाजूला झुकतो. असा धूर तोंडात नुसता घोळवला तरी गालाच्या आतल्या कातडीतून निकोटीन रक्तात जातं. म्हणजे छातीत घ्यायची गरजच नाही, तोंडानेच पुरेसं मिळतं, आणि मी दोन्हीकडून घेतलं, तेही उपाशीपोटी. विड्याच्या पानात तंबाखू टाकून खाणाऱ्यांना ही तोंडातून चढण्याची गोष्ट वेगळी सांगायला नको, पहिल्यांदा खाणारा कसा भिंत धरून बसतो ते त्यांनी पाहिलेलं असतं.

तेव्हा नियम पहिला, जेवून बसा. नियम दुसरा, धूर तोंडात घ्यायचा, क्षणभर जिभेवर फिरवायचा, सोडायचा. आत नाही. चुकून थोडा गेला तर ठसका लागेल, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता ही वस्तू नेमकी आहे काय ते बघू. मला ते कळलं ईबोरमधल्याच एका खिडकीत. हा सगळा भाग मुळात सिगारसाठीच वसलेला, व्हिसेंते मार्तिनेस ईबोर नावाच्या माणसाने १८८५ च्या सुमारास इथे जमीन घेऊन कारखाना काढला, मग क्यूबातून कारागीर आले, मागोमाग स्पेनचे आले, इटलीचे आले. कारखान्यांच्या हॉलमध्ये एक वाचक उंच ओट्यावर बसून दिवसभर पेपर आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचायचा आणि त्याचा पगार कामगार स्वतःच्या खिशातून द्यायचे. मालकांना त्यातलं राजकारण झोंबायला लागलं, शेवटी १९३१ मध्ये वाचक बंद करून रेडिओ बसवले. आता त्यातलं फार थोडं उरलंय, पण एकदोन दुकानांत अजून काचेमागे माणूस बसून हाताने सिगार वळतो, आणि त्याला बघताना मला आमच्या आळीतल्या विडीवाल्या मावशी आठवल्या.

मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली टेंभुर्णीची पानं, एक पान उचललं, चिमूटभर तंबाखू, वळलं, दोऱ्याने बांधलं, टाकलं. हजाराच्या हिशोबाने मजुरी, त्यामुळे मावशींची बोटं दिसायचीच नाहीत. काचेमागचा म्हातारा त्यामानाने निवांत, दिवसाला साधारण शंभर करत असेल, पण रचना बघाल तर तीच. आधी आतलं सारण, म्हणजे फिलर, तीन-चार पानं लांबीला पंख्यासारखी दुमडून हातात धरतो, गच्च नाही, मधून हवा जायला पाहिजे. त्यावर एक जाडसर पान गुंडाळतो, तो बाइंडर. हा गठ्ठा लाकडी साच्यात दाबून ठेवतो. आणि शेवटी रॅपर, ते मात्र लोण्यासारखं मऊ, शिरा नसलेलं पान, ते तो बिनदांड्याच्या चंद्रकोरी सुरीने कापतो, हलकं ताणत तिरकं गुंडाळत नेतो, टोकाला वनस्पतीच्या डिंकाचं एक बोट लावून त्याच पानाची छोटी टोपी बसवतो. संपलं. कागद नाही, फिल्टर नाही. मी याचा व्हिडिओ वडिलांना व्हॉट्सॲपवर पाठवला, त्यांचा एका ओळीचा रिप्लाय आला, पाला चांगला मुरलाय.

बरोबर ओळखलं त्यांनी, कारण खरी मेहनत मुरवण्यातच असते. वाळलेल्या पानांचे पुरुषभर उंच ढीग रचतात, ओल आणि वजन यामुळे ढीग आतून आपोआप तापतो, शेणखताचा ढीग तापतो तसाच, त्यातून अमोनिया निघून जातो, उग्रपणा कमी होतो, मग ढीग मोडून खालची पानं वर घेऊन पुन्हा रचायचा, असं कित्येक महिने. आमच्याकडे विडीची तंबाखू रानातच उन्हात वाळवून वखारीत जायची आणि नुसत्या वखारीवरून गेलं तरी शिंका यायच्या. तीच तंबाखू, ज्या तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशींबरोबर शेतकरी निपाणीच्या हायवेवर जाऊन बसले होते, आजोबाही होते. ते असो, विषय तो नाही.

फिलरमध्ये झाडाच्या कुठल्या भागाचं पान आहे यावर सिगार किती चढणार ते ठरतं. शेंड्याकडची पानं ऊन खाऊन जाड आणि जहाल होतात, त्यांना लिगेरो म्हणतात, सावकाश जळतात म्हणून मधोमध ठेवतात. मधली सेको, त्यांना वास छान. बुडाकडची वोलादो, चवीला फिकी पण पटकन पेट घेणारी, सिगार विझू नये म्हणून. कुठे काय प्रमाण ते प्रत्येक कारखान्याचं गुपित, गोडा मसाला प्रत्येक घरचा वेगळा असतो तसं.

इथे एक गैरसमज मोडून टाकतो. काळा म्हणजे कडक, गोरा म्हणजे सौम्य असं नसतं! रंग रॅपरचा, कडकपणा मुख्यतः आतल्या सारणाचा. काळपट रॅपरला मादुरो म्हणतात, ते जास्त वेळ मुरवलेलं असतं त्यामुळे उलट गोडूस, कोको-काकवीच्या अंगाने जाणारी चव देतं, आणि आत सौम्य सारण असेल तर नवख्यालाही चालून जातं. मी फसलो ते रंगामुळे नव्हे, आत निकाराग्वाचा भरपूर लिगेरो होता आणि जाडी साठ होती म्हणून.

ही जाडी म्हणजे रिंग गेज. इंचाचे ६४ भाग करायचे, त्यातले किती ते सांगायचं. ५० रिंग गेज म्हणजे पाऊण इंचाच्या थोडं वर. लांबी इंचात. दुकानात पाटीवर ५ x ५० असं लिहिलेलं दिसलं की समजायचं पाच इंच लांब, पन्नास जाड, याला रोबुस्तो म्हणतात आणि हा पाऊण तास ते तासभर चालतो. पेटिट कोरोना साधारण ५ x ४२, अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. चर्चिल म्हणजे ७ x ४७, दीड तासाची निश्चिंती. बाळासाहेबांच्या हातातला सिगार आपल्या डोळ्यांसमोर इतका पक्का बसलाय की सिगार म्हणजे लांबलचकच पाहिजे असं वाटतं, पण पहिल्या वेळेला लांब घेऊ नका. पेटिट कोरोना घ्या नाहीतर आखूड रोबुस्तो. अर्ध्यातच कंटाळा आला तर पैसे कमी वाया जातात, आणि निकोटीन कमी हे मुख्य.

मग दुकानात जाऊन सांगायचं काय? पहिलाच आहे, सौम्य पाहिजे, कनेटिकट रॅपर पाहिजे, छोटा पाहिजे. बास, एवढ्या चार गोष्टी. कनेटिकट हे अमेरिकेतलं राज्य, तिथल्या नदीखोऱ्यात शेतावर कापडाचे मांडव घालून हे पान सावलीत वाढवतात म्हणून ते पातळ आणि फिकट सोनेरी होतं. त्याच बियाण्याचं पान आता इक्वेडोरमध्येही होतं, तिथे आकाशच इतकं ढगाळ की मांडवाची गरज नाही. चव मलईदार, थोडी भाजलेल्या शेंगदाण्यासारखी, थोडी वाळल्या गवतासारखी. मॅकॅन्युडो कॅफे नावाचा सिगार हा त्यातला अगदी शाळेतला पहिला धडा, जुने लोक त्याला नाकं मुरडतात, मुरडू देत. मला स्वतःला आर्तुरो फुएंते आवडतो, १९१२ मध्ये इथेच वेस्ट टॅम्पात सुरू झालेला, आता डोमिनिकन रिपब्लिकमध्ये बनतो. आठ-दहा डॉलरमध्ये चांगला सिगार येतो, त्याच्या वर पहिल्या वेळेला जाऊच नका, जिभेला फरक कळणार नाही.

हातात घेऊन अंगठा आणि बोटाने बुडापासून टोकापर्यंत अलगद दाबून बघा. पिकलेला चिकू दाबतो तेवढंच. कुरकुर वाजला तर वाळलाय, एखादी जागा बदकन आत गेली तर तिथे सारण कमी, दगडासारखी गाठ लागली तर धूर अडकणार. रॅपरला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं तर ठेवून द्या, तो तंबाखूतला भुंगा, घरी हळदीत-मिरचीत पडतो तोच किडा, याला देश-धर्म काही नाही.

आणि क्यूबन? हा प्रश्न येतोच. केनेडींनी १९६२ मध्ये क्यूबावर व्यापारबंदी घातली तेव्हापासून अमेरिकेतल्या दुकानात क्यूबन सिगार कायद्याने विकता येत नाही, तेव्हा इथे कुणी काउंटरखालून काढून दिला तर तो एकतर बेकायदेशीर नाहीतर नकली, बहुतेक वेळा नकलीच. आपल्याकडचे लोक कुठूनतरी काचेच्या झाकणाच्या पेटीत कोहिबा, म्हणजे क्यूबाचा नावाजलेला ब्रँड, घेऊन येतात आणि घरी सगळ्यांना दाखवतात, ती काचेच्या झाकणाची पेटी हीच नकलीची खूण, तोंडावर सांगवत नाही म्हणून इथे सांगतोय. शिवाय पहिल्या सिगारला क्यूबनची गरजच काय, गाडी शिकायला कोणी मर्सिडीज घेतं का!

आता ओढायची वेळ. टोपीचं टोक कापायचं ते दोनेक मिलिमीटर, टोपी जिथे वळते त्या खांद्याच्या वरच. खांद्याखाली कापलं की रॅपर सुटायला लागतं आणि शेवटपर्यंत तुम्ही ते थुंकीने चिकटवत बसता, हेही मी केलेलं आहे. दुहेरी पात्याचा साधा कटर पाच डॉलरला मिळतो, दाताने तोडायचं ते सिनेमात. कापल्यावर न पेटवताच एकदा ओढून बघा, हवा सहज यायला पाहिजे, स्ट्रॉने ताक पितो तशी. स्ट्रॉने श्रीखंड ओढल्यासारखं वाटलं तर थोडं अजून कापा.

पेटवताना तोंडात धरू नका. हातात तिरका धरून ज्वाळेच्या थोडा वर, ज्योत पानाला न लावता, गोल गोल फिरवत कडा तांबूस होईपर्यंत भाजायचा, पापड भाजतो तसा. नीट भाजला की मग तोंडात धरून ज्योत जवळ आणत दोन-तीन हलके झुरके. कड समान पेटली नसेल तर टोकावर हळू फुंकर मारली की निखारा दिसतो, जिथे काळं तिथे पुन्हा ज्योत. गॅसचं लायटर वापरा, पेट्रोलच्या लायटरचा आणि मेणबत्तीचा वास चवीत उतरतो. काडेपेटी चालेल, फक्त गुल जळून जाऊ दे आणि मग काडी न्या.

आणि मग वेग. सगळं बिघडतं ते इथे. मिनिटाला एक झुरका, फार तर दोन. सवय नसलेला माणूस विझेल या भीतीने फकाफका ओढतो, निखारा तापतो, धूर गरम होतो आणि तोंड कडू जहर. विझला तर विझू दे, राख झटकून परत पेटवा, काही बिघडत नाही. राख दर मिनिटाला झटकायची नाही, ती इंचभर राहू द्या, निखारा थंड ठेवते, फक्त पांढऱ्या शर्टावर लक्ष ठेवा. कागदी पट्टी आधी काढू नका, सिगार तापला की डिंक सैल होतो आणि ती आपसूक निघते, थंड असताना ओढून काढायला गेलात तर रॅपर फाटतो.

चव काय येते हे विचाराल तर पहिल्या वेळेला धूर येतो, एवढंच. पाटीवर लिहिलेलं असतं देवदार, चामडं, जायफळ, आणि आपण बावळटासारखे शोधत बसतो. शोधू नका. फक्त इतकं बघा की पहिल्या एक-तृतीयांश हिश्श्यात जीभ काय म्हणते आणि मधल्यात काय, कारण तोच सिगार पुढे जाता जाता बदलतो. शेवटच्या हिश्श्यात डांबर आणि निकोटीन साठून तो जड होतो, तिथे पोचायलाच पाहिजे असं नाही. मध्येच डोकं हलकं वाटलं की खाली ठेवा, थोडं पाणी प्या, काहीतरी गोड खा. सोबत दारू नको पहिल्यांदा, दोन्हीतलं कुठलं चढलं तेच कळत नाही. दुधाची कॉफी सगळ्यात बेस्ट, इथले क्यूबन लोक तीच पितात, आपला गोड चहाही छान जमतो, मी करून पाहिलंय.

भारतात नेणाऱ्यांसाठी. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता आवडते. मुंबईच्या जुलैत तो फुगतो आणि बुरशी धरतो, नागपूरच्या मे महिन्यात पेंढा होतो. दोन-चार सिगारसाठी महागडी लाकडी पेटी नको, हवाबंद डबा आणि आत ६५ किंवा ६९ टक्केवाली ओलाव्याची पुडी टाकून कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, फ्रिज सुकवतो, आणि वर कोथिंबिरीचा वास. गच्चीवर ओढा, स्वतःच्या घरच्या. सार्वजनिक जागी धूम्रपानाला कायद्याने बंदी आहे आणि त्यात सिगारही आला, तो श्रीमंतांचा आहे म्हणून त्याला वेगळा कायदा नाही.

झाल्यावर सिगरेटसारखा चिरडून विझवायचा नाही, त्याने जी दुर्गंधी सुटते ती पडद्यांतून आठवडाभर जात नाही. राखपात्रात नुसता ठेवून द्या, पाच-दहा मिनिटांत आपणहून मरतो. थोटूक घरातल्या कचऱ्यात नको, बाहेरच्या डब्यात. दात घासा, जीभ घासा, शर्ट सरळ मशीनमध्ये. एवढं करूनही माझी बायको त्या रात्री मला सोफ्यावर झोपायला लावते, त्यावर उपाय मला अजून सापडलेला नाही.